बापाचं कडवं

बारावीच्या वर्गाला ती कविता शिकवताना प्रतिक्षाचा आवाज दरवर्षी आपोआप चढायचा. कवितेतला बाप मरणाला टेकलेला आहे आणि मुलगा त्याच्या उशाशी बसून त्याला विनवतो आहे:

बाबा, कुणीतरी बाहेरून दार ढकलतंय
उठा, दाराला खांदा लावा
मला तुम्हाला खांदा द्यायचा नाही

खांदा लावणं आणि खांदा देणं, एकाच शब्दातून कवीनं जगणं आणि मरणं कसं समोरासमोर उभं केलंय, हे ती फळ्यावर लिहून दाखवायची. माणसानं शेवटच्या श्वासापर्यंत झुंजावं हा कवितेचा गाभा, असं सांगायची. मुलं ते उतरवून घ्यायची. रसग्रहणाच्या प्रश्नाला हे उत्तर हमखास चालायचं.

यंदा मात्र तिनं वेगळंच शिकवलं.

"कविता चांगलीच आहे," ती खिडकीकडं बघत म्हणाली, "पण या मुलाचं प्रेम जरा स्वार्थी आहे, असं मला वाटतं. बाप दमलाय. दमलेल्या माणसाला उठा, झुंजा म्हणणं म्हणजे त्याचा छळच. खरं प्रेम माणसाला शांतपणे जाऊ देतं. लिहा हे."

पोरांनी माना खाली घालून लिहायला घेतलं. फक्त संस्कृतीनं पेन उचललं नाही. कुंभारीहून बसनं येणारी ही मुलगी एरवी वर्गात तोंड उघडायची नाही. मागच्या उन्हाळ्यात तिचे वडील गेले होते.

"मॅडम, ह्यात बाप कुटं बोललाय?"

"म्हणजे?"

"सगळं पोरगाच बोलतोय की. उठा, खांदा लावा. आणि आता तुम्ही म्हणताय, जाऊ द्यावं. बापाला काय पाहिजे हे विचारलंच न्हाय कुणी."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. प्रतिक्षा जरा चिडूनच म्हणाली, "कवितेत जे नाही ते आपण लिहायचं नसतं. परीक्षेत मार्क जातात." आणि तास संपायच्या आधीच ती पुस्तक मिटून वर्गाबाहेर पडली.

स्टाफरूममध्ये नळाखाली तिनं बराच वेळ तोंड धुतलं. डोळे लाल झालेत हे कुणाला दिसू नये म्हणून मग दुसऱ्या तासाच्या वह्या तपासत बसली. एकही ओळ तिला वाचता येईना.

घरी बुधवार पेठेत तिचे वडील हणमंत, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, खाटेवर बसून शेजारच्याशी भांडत असणार, हे तिला माहीत होतं. आप्पा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. पेठांच्या गल्ल्यांतले व्हॉल्व्ह सोडायचे आणि बंद करायचे हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळं चावीवाल्याला शिव्या घालणं हा लोकांचा हक्कच असतो. आप्पांनी त्या कधी ऐकून घेतल्या नाहीत, जिथल्या तिथं परत केल्या. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, नगरसेवकाशी, सगळ्यांशी त्यांचं वाजायचं. प्रतिक्षाला लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात जायची लाज वाटायची. पण लग्नानंतर वर्षभरातच सासरी तिचे हाल सुरू झाले, तेव्हा हाच भांडखोर माणूस मोडनिंबला तिच्या सासरच्या अंगणात जाऊन उभा राहिला होता. "माझी पोरगी माझ्या हवाली करा, न्हायतर मी हितंच बसतो," असं म्हणून खरोखरच बसला होता. संध्याकाळच्या एसटीनं बापलेक परत आले, ते कायमचे. त्यानंतर आप्पांनी तिला बी.एड.ला घातलं. झाल्या गेल्याचा एक शब्दही त्यांनी कधी काढला नाही.

अशा माणसाला पावसाळ्याच्या तोंडी कावीळ झाली. डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्न जाईना. तपासण्या झाल्या आणि कावीळ हे नुसतं वरचं लक्षण निघालं. आत स्वादुपिंडाला कॅन्सर होता, तोही पसरलेला. डॉक्टरांनी पित्ताच्या मार्गात नळी बसवली, तशी कावीळ उतरली आणि आप्पांना वाटलं, आपण बरे झालो.

डॉक्टरांनी प्रतिक्षाला, तिच्या आईला, नागूबाईला, आणि पुण्याहून आलेल्या धाकट्या भावाला, प्रदीपला, खोलीत बोलावून सांगितलं होतं, "केमो देता येईल. थोडे महिने वाढतील, कदाचित नाहीही वाढणार. त्रास मात्र नक्की होईल. वय बघता, तुम्ही विचार करा."

तिघांनी तिथंच, दवाखान्याच्या जिन्यात, विचार केला होता. प्रदीप म्हणाला, "ताई, उगाच हाल नकोत." नागूबाई म्हणाली, "त्यांला सांगू बी नका. कावीळच हाय म्हणा." प्रतिक्षानं होकाराची मान हलवली होती. त्या रविवारी प्रदीप परत गेला आणि सोमवारी तिनं वर्गात ती कविता काढली.

संस्कृतीचा प्रश्न मात्र तिच्या मागं लागला. भाकरी थापताना, बसस्टॉपवर, आप्पांच्या पाठीला तेल लावताना. बापाला काय पाहिजे हे विचारलंच न्हाय कुणी.

पुढच्या रविवारी नागूबाई विहारात वंदनेला गेली. घरात दोघंच होती. आप्पा खाटेवर मांडी घालून दुधात कुस्करलेली भाकरी खात होते आणि दसऱ्याचे बेत सांगत होते. "यंदा नागपूरला जायचंच. मागल्या वर्षी गुडघ्यानं घात केला. गल्लीतल्या संगप्पाला सांगून ठिवलंय, रेल्वेचं बघ म्हणून."

"आप्पा," प्रतिक्षा त्यांच्यासमोर खाली बसली. "तुम्हाला नुसती कावीळ नाही झालेली."

तिनं सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द तिला दोनदा म्हणावा लागला. आप्पांनी वाटी खाली ठेवली. ते भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघत राहिले. तिला वाटलं, आता ते म्हणतील, मला ठाऊक होतं. मग आपण दोघं रडू आणि सगळं हलकं होईल.

"औषध न्हाय ह्याला?" त्यांनी विचारलं.

"केमो आहे. पण त्रास फार होतो. उपयोग होईलच असं नाही. म्हणून आम्ही ठरवलं की..."

"आमी कोण?"

"मी, आई आणि प्रदीप. तिथंच, दवाखान्याच्या जिन्यात."

"आन् मी कुटं गेलतो तवा?"

तिनं खाली ठेवलेली वाटी आपल्याकडं ओढली.

"मी कुटं गेलतो म्हंतो मी!" ते ओरडले. गल्लीत ऐकू जाईल एवढा तो आवाज होता, व्हॉल्व्हवर भांडतानाचा. "मरायचं मला हाय आन् ठरवणार तुमी? जिन्यात उभं राहून? तुला आनाय मोडनिंबला गेलतो, तवा मी इचार केलता का, उगं कशाला तरास, नशीब तिचं म्हणून?"

"आप्पा, तुमचे हाल होऊ नयेत म्हणून..."

"हाल माजे हायेत. मी बघीन." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला जगायचंय की, पोरी. म्हातारा झालो म्हणून काय झालं? मला आजून लई गोड लागतं सगळं. सकाळचा च्या गोड लागतो. भांडाय बी गोड लागतं. न्हाय जायाचं मला."

आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच तिनं बापाला रडताना पाहिलं. लहान पोरासारखे, मनगटानं नाक पुसत, ते रडत होते. तिनं हात पुढं केला, तो त्यांनी झिडकारला.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः डॉक्टरांपुढं जाऊन बसले. डॉक्टरांनी पुन्हा सगळं समजावलं, या वेळी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून. आप्पांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "द्या."

घरात मात्र भडका उडाला. प्रदीप फोनवर ओरडला, "ताई, तू का सांगितलंस? चांगलं चाललं होतं की. आता ते हालहाल होऊन जाणार आणि तू जबाबदार असणार." नागूबाई ओरडली नाही. ती फक्त गप्प झाली. लेकीच्या ताटात भाकरी वाढायची, पण तिच्याकडं बघायची नाही.

पहिल्या केमोनंतर आप्पांना उलट्या झाल्या, केस गळायला लागले, पण आठवडाभरानं ते उठून बसले आणि मटणाचा रस्सा मागितला. दारात खुर्ची टाकून बसले. पाणी उशिरा आलं म्हणून नव्या चावीवाल्याला त्यांनी असं झापलं की गल्ली गोळा झाली. प्रतिक्षा कॉलेजातून परत येताना कोपऱ्यावरूनच तो आवाज ऐकून थांबली. तिला पळत जाऊन त्यांना मिठी मारावीशी वाटली. त्या दिवसांत तिला खरोखर वाटलं, हा माणूस कॅन्सरलाही अंगणात बसून दमवील.

दुसऱ्या केमोला दवाखान्यात सलाईन थेंबथेंब उतरत असताना आप्पांनी विचारलं, "काय शिकवतीस आजकाल पोरांला?"

तिनं कविता म्हणून दाखवली. हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"परत म्हण."

तिनं परत म्हटली.

"पोरगा बोलतो ब्येस," ते म्हणाले, "पर त्यो उशाला बसून काय करतोय? दाराला एकट्या बापानं खांदा लावायचा व्हय? म्हाताऱ्याच्या अंगात जोर कुटला आलाय? पोरानं बी लावावा की."

प्रतिक्षाला हसू आलं आणि लगेच रडू. इतकी वर्षं ती ही कविता शिकवत होती. मुलगा फक्त सांगतो आहे, उठत नाही, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मी लावते आप्पा," ती म्हणाली.

"लाव," ते म्हणाले आणि झोपी गेले.

तिनं रजा टाकली. त्यांना न्हाऊमाखू घालणं, उलटीचं भांडं धरणं, ताप मोजणं, तोंडाला फोड आले की थंड ताक चमच्यानं पाजणं, सगळं तिनं अंगावर घेतलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांत फोन केले, रिपोर्ट पाठवले, कुणी काही नवं औषध सांगितलं की डॉक्टरांच्या पुढं जाऊन उभी राहिली. आपण हळूहळू त्यांच्यासारखंच भांडायला लागलोय, हे तिचं तिलाच जाणवलं.

पण आप्पा खचत गेले. पोटात पाणी झालं. पाय सुजले, चेहरा आत गेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संगप्पा नागपूरला निघताना दवाखान्यात भेटायला आला, "जयभीम हणमंतराव" म्हणाला. आप्पांना उठून बसता आलं नाही. "पुढच्या वर्षी येतो," ते म्हणाले. संगप्पा बाहेर जाऊन जिन्यात तोंड दाबून रडला.

डॉक्टरांनी तिसरी केमो थांबवली. "आता शरीर घेणार नाही. घरी नेलं तरी चालेल." प्रतिक्षानं आप्पांकडं पाहिलं. त्यांनी तिचं मनगट धरलं होतं, बोटांत नुसती हाडं उरली होती, तरी पकड पक्की होती.

"सोडू नको," ते म्हणाले.

म्हणून तिनं त्यांना घरी नेलं नाही. ताप वाढला, तसं अतिदक्षता विभागात हलवलं. नाकात नळी, हातात सुया, छातीवर तारा. तिथं एका वेळी एकालाच आत सोडायचे. सकाळी प्रतिक्षा जायची, दुपारी नागूबाई. प्रदीप पुण्याहून आला आणि बाहेरच्या बाकावर बहिणीपासून लांब बसला.

आप्पा एका सकाळी गेले. त्या वेळी प्रतिक्षा आत होती. लोक सांगतात तसा चेहरा वगैरे शांत झाला नाही. ते श्वासासाठी धडपडत होते, एका हातानं खाटेचा दांडा धरून उठायला बघत होते, आणि ती "आप्पा, आप्पा" म्हणत त्यांच्या पाठीला हात लावून उभी होती. नर्सनं तिला बाजूला केलं. तरी दांड्यावरची त्यांची बोटं नंतर एकेक करून सोडवावी लागली.

घरी माणसं जमली. जो तो येऊन तेच म्हणत होता, "सुटले बिचारे." तिनं बराच वेळ ऐकून घेतलं. मग वळसंगच्या आत्यानं तेच म्हटलं तेव्हा ती उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सुटले म्हणू नका. सुटायचं नव्हतं त्यांना."

माणसं चपापली. प्रदीप तिला हाताला धरून आत घेऊन गेला. अंत्ययात्रेत बायकांना कुणी पुढं घेत नाही, पण ती गेली. तिरडीला खांदा दिला. प्रदीपनं तिच्यासाठी जागा केली.

सगळे विधी आटोपल्यावर ती कामावर रुजू झाली. सराव परीक्षेच्या आधी मुलांना उजळणी हवी होती. "मॅडम, त्या कवितेचं नक्की काय लिहायचं? मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीत वेगळंच आहे. ते लिहू का तुम्ही आम्हाला सांगितलेलं?" कुणीतरी विचारलं. तिनं पुस्तक उघडलं, पहिली ओळ वाचली. मग म्हणाली, "दोन्ही बाजूला ठेवा. कवितेत बाप गप्प आहे. तो का गप्प आहे, तुम्हाला काय वाटतं, ते तुमच्या शब्दांत लिहा. मला माहीत नाही." वर्गात कुजबुज झाली. बारावीच्या पोरांना 'माहीत नाही' म्हणणारी शिक्षिका परवडत नाही. संस्कृती तेवढी शांतपणे लिहायला लागली. काय लिहितेस, असं प्रतिक्षानं तिला विचारलं नाही.

एवढ्या सगळ्यात तिला एका गोष्टीचा आधार होता. आपण बापाला विचारलं. उशिरा का होईना, विचारलं, आणि त्यानं जे सांगितलं ते केलं. आईचा अबोला, प्रदीपचे तुटक फोन, बोटं सोडवतानाची ती आठवण, हे सगळं ती त्या एका गोष्टीवर पेलत होती.

डिसेंबरातल्या एका रविवारी नागूबाई स्वयंपाकघरात भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढत बसली होती. प्रतिक्षा तिच्यासमोर बसली आणि तिनंही मूठभर दाणे घेतले.

"तुला काय म्हणाले गं शेवटाला?" नागूबाईनं मान वर न करता विचारलं.

इतक्या दिवसांत आईनं तिला पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं होतं. प्रतिक्षा म्हणाली, "सोडू नको, म्हणाले. म्हणून मी शेवटपर्यंत..."

नागूबाईचे हात थांबले.

"मला म्हणाले, घरी ने."

"काय?"

"तितं काचंच्या खोलीत. दुपारचं मी जायची की. नळी बाजूला करून म्हणाले, नागे, घरी ने मला. बास झालं. आपल्या खाटंवर निजू दे." तिनं पदर तोंडाला लावला. "एकदा न्हाय, रोज म्हणायचे."

प्रतिक्षाच्या हातातले दाणे परातीत सांडले. "मग तू सांगितलं का नाहीस? आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"मी म्हणाले त्यांला, पोरीला सांगती. तर म्हणाले, नको. ती लई भांडतीया माझ्यासाठी, तिला नको सांगू." नागूबाई आता उघडउघड रडत होती. "मी काय करू? तू दवाखान्यात अशी धावायलीस, तुझं तोंड बघून मला व्हयना. आन् मला तुझा राग बी आला. त्यांचं ऐकू का तुला सांगू, काई सुदरंना. तशीच गप बसले. मी बोलले असते तर ते घरी तरी आले असते गं."

प्रतिक्षा भिंतीला टेकली. सकाळी तिचं मनगट धरणारा बाप आणि दुपारी आईला घरी ने म्हणणारा बाप, यांतला खरा कोणता हे तिला कळेना. तो तिच्यासाठी झुंजत होता, की बायकोला बरं वाटावं म्हणून दमल्यासारखं बोलत होता? की सकाळी जगायचं असायचं आणि दुपारपर्यंत नकोसं व्हायचं? विचारायला आता कुणी नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांनी तिच्या तोंडाकडं बघूनच उत्तर दिलं असतं, हेही तिला त्या क्षणी कळलं, आणि ते सर्वांत जास्त लागलं.

"मला वाटलं, मी त्यांचं ऐकलं," ती म्हणाली.

"ऐकलंस की. तुला जेवढं सांगितलं तेवढं ऐकलंस. मी बी मला सांगितलं तेवढंच ऐकलं." नागूबाई सरकत तिच्याजवळ आली. "आपण दोघींनी मिळून ऐकायला पायजे हुतं."

तिनं लेकीचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. आप्पा गेले त्या दिवशीही रडली नव्हती, तशी प्रतिक्षा त्या दुपारी रडली. आईचे सालपटांनी माखलेले हात तिच्या केसांतून फिरत राहिले. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, परत वाजवलं आणि निघून गेलं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.